ससेपालनात व्हिटॅमिन कधी, किती आणि कसं द्यायचं: ठाणे-नवी मुंबईकडच्या नवीन लोकांसाठी

मुरबाड, शहापूर, भिवंडीच्या गावांत किंवा नवी मुंबईच्या गावठाणात घरामागच्या जागेत दहा माद्या आणि दोन-तीन नर घेऊन ज्यांनी ससे चालू केलेत त्यांचा पहिल्या महिन्यातला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "दादा, व्हिटॅमिन कुठलं चालू करू?" आणि बऱ्याचदा विचारायच्या आधीच बाटली घेऊन झालेली असते, कारण व्हेटर्नरी मेडिकलमध्ये कोंबड्यांची लिक्विड बाटली हातात देतात आणि सांगतात पाण्यात टाका, सगळ्या जनावरांना चालतं. सशाला ते तसं चालत नाही. सशाला व्हिटॅमिन लागतं हे खरं, पण लागतं अगदी थोडं, आणि जास्त झालं तर होणारं नुकसान कमी पडल्यावर होणाऱ्या नुकसानासारखंच दिसतं, त्यामुळे माणूस अजून ओततो आणि पिल्लं अजून मरतात. हे थांबावं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. खाली दिलंय त्याच क्रमाने जा. बऱ्याच शेडमध्ये तिसऱ्या पायरीलाच प्रश्न सुटतो आणि विकत काही आणावंच लागत नाही.

पायरी १: ससा स्वतः काय बनवतो ते आधी समजून घ्या

सशाच्या पोटात मोठं आंधळं आतडं असतं, सीकम म्हणतात त्याला, तिथे बॅक्टेरिया चारा आंबवतात आणि ते करता करता बी ग्रुपची व्हिटॅमिन आणि व्हिटॅमिन के तयार करतात. हा माल मऊ लेंडीतून बाहेर येतो आणि ससा ती लेंडी थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो, खाली पडूच देत नाही, म्हणून जाळीच्या पिंजऱ्यातही त्याचं काही अडत नाही. ही मऊ लेंडी काळपट, चमकदार, छोट्या काळ्या द्राक्षांच्या घोसासारखी चिकटलेली असते. नवीन माणूस ती बघतो आणि जुलाब समजून औषध देतो, तसं करू नका.

मग बघायचं काय, तर सकाळी पिंजऱ्याखाली काय पडलंय ते. फक्त गोल कोरड्या लेंड्या असतील तर ससा मऊ लेंडी खातोय, त्याला बी कॉम्प्लेक्स लागत नाही. मऊ घोस रोज खाली पडलेले दिसत असतील तर खुराक जास्त आणि चारा कमी होतोय, किंवा ससा इतका जाड झालाय की त्याचं तोंड मागे पोचत नाही. अशा वेळी टॉनिक न देता दाणा कमी करा, गवत वाढवा, बहुतेक वेळा आठवड्याभरात फरक दिसतो.

व्हिटॅमिन सी सशाचं लिव्हर स्वतः बनवतं. गिनीपिगला बाहेरून लागतं, सशाला नाही, दोन्ही एकाच दुकानात मिळतात म्हणून लोकांची गल्लत होते.

म्हणजे बाहेरून द्यायची राहिली ए, डी, ई आणि थोडंफार के. सगळा हिशोब या चौघांचाच आहे.

पायरी २: बॅगवरचं लेबल वाचा

रेडिमेड पेलेट, म्हणजे सशाचं गोळी खाद्य वापरत असाल तर त्यात कंपनीने प्रीमिक्स, म्हणजे व्हिटॅमिनची तयार मिश्र पावडर, आधीच टाकलेला असतो. वरून अजून व्हिटॅमिन दिलं की डबल डोस झाला. लेबलवर ए, डी3, ई किती ते शोधा, नसेल तर डीलरकडून कंपनीचा नंबर घेऊन विचारा, चांगली कंपनी सांगते. आणि बनवल्याची तारीख बघाच, एक्सपायरीपेक्षा तिलाच जास्त महत्त्व द्या, कारण ए आणि ई दोन्ही हवेने, उष्णतेने, दमटपणाने उतरत जातात. मी तीन महिन्यांपेक्षा जुनी बॅग घेऊ नका असंच सांगतो, आणि आपल्या हवेत जूनपासून पुढे तर दोन महिन्यांच्या आतलीच घ्या.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो, पेलेट मिळालं नाही म्हणून कोंबडीचं खाद्य चार दिवससुद्धा घालू नका. कोंबडी खाद्यात कॉक्सिडिओसिससाठी (कॉक्सिडिया नावाच्या परजीवीने होणारा आजार) सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, नारासिन असली औषधं मिसळलेली असतात, ती कोंबडीला ठीक पण सशाला त्यांचा थोडा डोस जास्त झाला तरी विषबाधा होते. पेलेट संपलं तर ससे नुसत्या चांगल्या गवतावर आणि थोड्या गव्हाच्या भुश्शावर आरामात दिवस काढतात.

पायरी ३: हिरवा चारा नीट लावा, खरं काम इथेच होतं

हिरव्या पानात बीटा कॅरोटीन असतं आणि ससा त्यातून लागेल तेवढं व्हिटॅमिन ए बनवतो. ताज्या हिरव्या पानात ई पण असतं, के पण असतं. म्हणजे रोज चांगला हिरवा चारा खाणाऱ्या सशाला चारपैकी तीन गोष्टी पानातूनच मिळतात, आणि पानातल्या कॅरोटीनने बाटलीसारखी ए ची विषबाधा सहसा होत नाही. दोन-अडीच किलोच्या मोठ्या सशाला दिवसाला दीडशे ते अडीचशे ग्रॅम हिरवं हा साधारण अंदाज, पण एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या, नाहीतर पोट बिघडतं.

काय घालायचं? लसूणघास मिळाला तर उत्तम, दशरथ घास कुंपणाला लावला तर वर्षभर कापता येतो, हत्ती घास कोवळा असताना, चवळीचा पाला, मक्याचा कोवळा पाला, आणि शेवगा, जो आपल्याकडे प्रत्येक गावात उभा आहे आणि त्याच्या पाल्यात कॅरोटीन भरपूर असतं, मूठभर पाला रोज चालतो. सुबाभूळ मात्र जपून, त्यात मायमोसिन नावाचा घटक असतो त्याने केस गळतात आणि वाढ खुंटते, नवीन माणसाने टाळलेलाच बरा. गाजर लोक फार कौतुकाने घालतात पण कंदात साखर जास्त, त्यापेक्षा गाजराचा पाला घाला.

आता आपल्या भागातली अडचण. वाशीच्या एपीएमसीत किंवा जांभळी नाक्यावर संध्याकाळी टाकून दिलेला पाला फुकट मिळतो, फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला, कोबीचे वरचे पापुद्रे. मोह होतो, पण फ्लॉवर-कोबीच्या बाहेरच्या पानांवरच औषध फवारणी जास्त असते आणि कोबीने काही सशांचं पोट फुगतं. मुळ्याचा आणि गाजराचा पाला घ्या, धुवा, निथळवा, मग घाला. रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी नको, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसी रस्त्याकडेचं गवत तर अजिबात नको, कितीही हिरवंगार दिसलं तरी. तबेल्यांना पॅरा गवत पुरवणारे गवतवाले ओळखीचे असतील तर ते गवत कुठल्या पाण्यावर वाढलंय एवढं विचारून घ्या.

वर्षाचं चक्र पण लक्षात ठेवा, कारण कमतरता कॅलेंडर बघून येते. मार्च ते मे आपल्याकडे रान वाळतं, मग लोक भाताचा पेंढा किंवा पिवळं पडलेलं गवत घालतात. पिवळ्या पेंढ्यात कॅरोटीन जवळजवळ नसतंच, वर उकाड्याने ससा खातो पण कमी, त्यामुळे त्या तीन महिन्यांत गाभण राहिलेल्या माद्यांमध्ये ए ची कमतरता दिसायची शक्यता सगळ्यात जास्त. उपाय म्हणजे जानेवारीतच ओलिताखाली थोडा दशरथ किंवा लसूणघास लावून ठेवणं, जागा नसेल तर शेवग्याची दोन झाडं तरी. जून ते सप्टेंबर उलटं, हिरवं ढीगभर पण ओलं. भिजलेलं गवत तसंच घातलं तर पोटफुगी आणि जुलाब, म्हणून कापून आणल्यावर काही तास पंख्याखाली किंवा पत्र्याखाली सावलीत पसरून सुकवा. उन्हात वाळवू नका, कडक उन्हाने कॅरोटीन उडतं. थर लावून गोणीत दाबून ठेवलं तर आतून गरम होतं, ते पण नको.

हे सगळं जमलं आणि बॅग ताजी असेल तर इथेच थांबा. खरंच थांबा. पुढच्या पायऱ्या स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांना हिरवं मिळतच नाही त्यांच्यासाठी आहेत.

पायरी ४: किती लागतं त्याचा हिशोब

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९७७ मध्ये सशांच्या गरजेचे आकडे दिले, त्यात वाढत्या पिल्लांना एक किलो खाद्यात ए फक्त ५८० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक, लेबलवर IU लिहितात) आणि गाभण मादीला ११६० आययूच्या वर असं धरलंय. प्रत्यक्षात खाद्य बनवणारे किलोला ६,००० ते १०,००० टाकतात कारण साठवणीत बरंच उतरतं. पण वरची मर्यादा १६,००० धरतात, त्याच्या पुढे जायचं नाही. डी किलोला ८०० ते १,००० आययू पुरतं आणि २,००० ओलांडायचं नाही. ई ४० ते ५० मिलिग्रॅम, के १ ते २ मिलिग्रॅम. झालं, एवढेच आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

डी बद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे गैरसमज फार आहे. गाय-म्हशीला कॅल्शियमसोबत डी देतात म्हणून लोक सशाला पण देतात, पण ससा डी फारसं नसतानाही खाद्यातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो, म्हणून त्याची लघवी पांढरट गढूळ दिसते, तो आजार नाही. लसूणघासात आधीच कॅल्शियम जास्त, त्यावर डी ची बाटली चालू केली की कॅल्शियम किडनीत आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत साचतं. ससा हळूहळू बारीक होतो, खाणं सोडतो आणि जातो, बाहेरून कारण कळतही नाही. शेडमध्ये ऊन येत नाही म्हणून ससे उन्हात ठेवायचीही गरज नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर त्याने जीवच जाईल.

आता ती पाण्यात टाकायची बाटली घ्या. समजा तिच्यावर लिहिलंय की १ मिलीमध्ये ए १२,००० आययू आणि डी3 ६,००० आययू. तुमची मादी दिवसाला दीडशे ग्रॅम खाद्य खाते. किलोला १,००० आययूप्रमाणे तिला दिवसाचं डी लागतं १५० आययू. तुम्ही "एका सशाला एक मिली" या अंदाजाने दिलंत तर गेलं ६,०००, म्हणजे चाळीस पट. ए ची वरची मर्यादा त्याच दीडशे ग्रॅमच्या हिशोबाने २,४०० आययू, आणि तुम्ही दिलंत १२,०००, पाच पट, तेही पेलेटमधलं न धरता. एक दिवस असं झालं तर बहुतेक ससे सोसतील, पण लोक महिनाभर देतात, आणि ए-डी शरीरात साठत जातात, लघवीतून जात नाहीत.

पाण्यातून द्यायला माझा विरोध अजून एका कारणाने आहे. उन्हाळ्यात कुठला ससा किती पाणी पितो याचा भरवसा नाही, निपल लाइनमध्ये, म्हणजे ससे ज्या नळीच्या तोटीतून पाणी पितात तिच्यात, बुळबुळीत थर जमतो, आणि चव बदलली की काही ससे पाणीच कमी पितात. पाणी कमी प्यायलं की खाद्य कमी खाल्लं जातं, म्हणजे ज्यासाठी केलं त्याच्या उलटं. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी लिहून दिलं असेल तर द्या, रोज ताजं करा, कोर्स संपला की लाइन धुऊन काढा.

आणि बाटली असो की पावडर, घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कोंबड्यांच्या काही व्हिटॅमिन पावडरीत अँटिबायोटिक मिसळलेलं असतं. लिंकोमायसिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन असली नावं दिसली तर ते पाकीट शेडमध्ये आणूच नका, तोंडावाटे गेली की सीकममधले चांगले बॅक्टेरिया मरतात, वाईट वाढतात आणि ससा जुलाबाने दोन-चार दिवसांत मरू शकतो.

पायरी ५: स्वतः खाद्य बनवत असाल तर प्रीमिक्स मिसळणं

बाजारात ए, बी2, डी3, के अशी एकत्र पावडर मिळते. समजा पाकिटावर १ ग्रॅममध्ये ए ८२,५०० आणि डी3 १२,००० आययू लिहिलंय. मग १०० किलो खाद्याला १० ग्रॅम टाकले की किलोला ए ८,२५० आणि डी १,२०० पडतं, दोन्ही मर्यादेच्या आत. म्हणजे एक क्विंटलला फक्त १० ग्रॅम, दोन चमचे "जरा जास्त" टाकायचा विषयच नाही. तुमच्या पाकिटावर आकडे वेगळे असतील तर हाच भागाकार परत करा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या.

अशा पावडरीत ई बहुतेक वेळा नसतं. ई ची फीड ग्रेड पावडर वेगळी मिळते, साधारण ५० टक्क्यांची असते, ती क्विंटलला १० ग्रॅम टाकली की किलोला ५० मिलिग्रॅम होतं. हिरवं कमी असेल तेव्हा ब्रीडिंगच्या माद्यांना ई महत्त्वाचं, कमी पडलं तर स्नायू दुबळे होतात, गाभ राहत नाही, पिल्लं जन्मून दोन-चार दिवसांत जातात.

१० ग्रॅम पावडर थेट १०० किलोत टाकून फावड्याने हलवली तर एका सशाला सगळी आणि दुसऱ्याला काहीच नाही असं होतं. आधी ती १ किलो बारीक गव्हाच्या भुश्शात हाताने पाच मिनिटं मिसळा, मग ते ५ किलोत, मग २० किलोत, मग सगळ्यात. ससा पिठासारखं खाद्य आवडीने खात नाही, धुळीने शिंका येतात, म्हणून घालताना पाण्याचा हलका हात लावून ओलसर करा आणि तेवढ्यापुरतंच करा, उरलेलं संध्याकाळी काढून टाका. गोळी करून मिळणारं मशीन जवळपास कोणाकडे असेल तर अजून चांगलं, पण मशीनच्या उष्णतेने थोडं व्हिटॅमिन उतरतं हे धरून चाला.

पायरी ६: साठवण

ही पायरी लोक सोडून देतात आणि आपल्या दमट हवेत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. प्रीमिक्स मिनरल मिक्स्चर किंवा कोलीन क्लोराइडमध्ये (खाद्यात वेगळं घालतात ती एक पावडर) आधीच कालवून ठेवू नका, लोह-तांबं आणि ओलावा मिळून व्हिटॅमिन खातात, दोन्ही वेगळी ठेवा आणि खाद्य बनवायच्या दिवशीच एकत्र करा. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या अंधाऱ्या कपाटात, शेडच्या पत्र्याखाली नाही. तयार खाद्य महिनाभर पुरेल एवढंच. दहा माद्या आणि तीन नर, पिल्लं सोडून, प्रत्येकी दीडशे ग्रॅम धरले तर दिवसाला दोन किलोच्या आसपास, महिन्याला साठ किलो, पिल्लांची आई दुप्पट खाते तेवढं वर धरा. गोण्या लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. वास कुबट आला, गाठी झाल्या, शेंगदाणा पेंड हिरवट पडली तर टाकून द्या. ते गायीलाही घालू नका, बुरशीचं विष लिव्हरवर जातं.

पायरी ७: व्हिटॅमिन कमी आहे असं वाटलं तर आधी हे तपासा

मान वाकडी झाली की लोक बी कॉम्प्लेक्स देतात, पण ते बहुतेक वेळा कानाचं इन्फेक्शन किंवा मेंदूपर्यंत गेलेला परजीवी असतो. मागचे पाय गेले तर कॅल्शियम-डी देतात, पण सशाची पाठ चुकीच्या पद्धतीने उचलल्यावर किंवा घाबरून लाथ मारल्यावर मोडते, तपासणी त्याची करा. केस गेले तर खरूज बघा, आणि मादी विणीच्या आधी घरट्यासाठी स्वतःच पोटाचे केस उपटते हेही लक्षात ठेवा.

ए ची गडबड मात्र विणीत दिसते, गाभ जातो, पिल्लं कमी होतात, काही पिल्लांचं डोकं फुगून पाणी भरलेलं असतं. कमी ए आणि जास्त ए दोन्हींत हेच दिसतं, म्हणून फुगलेल्या डोक्याचं पिल्लू दिसलं की आधी गेल्या दोन महिन्यांत मादीने काय खाल्लं ते लिहून काढा. पेंढाच खाल्ला असेल तर कमी, बाटली चालू असेल तर जास्त. बाटली असेल तर बंद करा, एवढाच उपाय, आणि साठलेलं उतरायला वेळ लागतो म्हणून त्या मादीला लगेच नराकडे नेऊ नका.

अजून एक, कॉक्सिडिया लिव्हरमध्ये असेल तर ए आणि ई नीट शोषलंही जात नाही आणि साठतही नाही, कितीही द्या. मेलेल्या सशाच्या लिव्हरवर पांढरे ठिपके दिसले तर लेंडी तपासून घ्या आणि आधी त्याचा इलाज करा. सल्फाक्विनॉक्झॅलिन (कॉक्सिडियावरचं सल्फा औषध) चालू असताना व्हिटॅमिन के ची गरज वाढते, रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा के द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर बी कॉम्प्लेक्सही तसंच, डॉक्टरांच्या सांगण्यावर आणि थोड्याच दिवसांसाठी.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सशाचा अनुभव कमी असला तरी लेंडी तपासणीची सोय विचारा. लागोपाठ ससे मरत असतील तर मेलेला ससा लगेच बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून पोस्टमॉर्टेमची चौकशी करा. जाताना खाद्याच्या बॅगचं लेबल, प्रीमिक्सचं पाकीट आणि जी बाटली देत होतात ती, सगळं सोबत न्या, आणि कधीपासून किती देत होतात ते तारखेसकट कागदावर.